पाठमोरी खुर्ची

त्याग ही भारतीय स्त्रीच्या हृदयमंदिरात अखंड तेवणारी नंदादीपाची ज्योत आहे, आणि त्या ज्योतीच्या मंगल प्रकाशातच घराघरांचे संसार उजळून निघतात! जनीच्या हृदयमंदिरातही ती ज्योत होती. फक्त त्या सकाळी तिथं ज्योतीपेक्षा धूर जास्त झाला होता, आणि तो धूर नंदादीपाचा नसून डिझेलचा होता.

"मी हलदीला धवला गानार नाय," जनी म्हणाली.

उखळात हळकुंडं कांडणाऱ्या रंगूच्या हातातलं मुसळ वरच्या वर थांबलं. लेकीची, जागृतीची हळद उद्यावर आलेली, दारात मांडवाचे खांब उभे, पाहुण्यांना आवतणं गेलेली... आणि जिच्या गळ्यावाचून बेलआगर गावात दोन पिढ्यांत एकाही नवरीला हळद लागली नाही, ती धवलारीण, नवरीची सख्खी आजी, पानाला चुना लावता लावता सांगते की मी गाणार नाही! आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात. धवलारीण आली नाही तर लोक उठून उभे राहतात. मांडव उभारण्यापासून हळद लागेपर्यंत एकेक विधी तीच धवले गाऊन लावते. तिचं गाणं म्हणजेच मंत्र.

"काय बोलतंस, आये? परत बोल."

"ठमी गाईल."

ठमी म्हणजे जनीची जोडीदारीण. जनीनं ओळ टाकायची आणि ठमीनं मागून उचलायची, असा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा. ती उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. ती दचकून म्हणाली, "मी? मी मागं गाते ती बरी. पुढं गायला लागले तर नवरा मांडवातून पलून जाईल."

पण रंगूला हसू आलं नाही. सासूच्या शब्दाखाली जन्म काढलेल्या त्या सुनेच्या डोळ्यांत क्षणात पाणी तरारलं. "अख्ख्या तालुक्याच्या पोरींना हलद लावलीस! शेजारपाजारच्या, भांडलेल्या, न भांडलेल्या... आनि माज्याच पोरीच्या वक्ताला तुझा गला बसला? मना ठावं हाय, आये. तुझा राग आगराचा हाय. पोरगी तुझ्या रक्ताची हाय, तरी तू सूड घेतंस!"

पलीकडच्या यार्डात एक ट्रेलर मागं येत टूं टूं करत होता.

हाच तो क्षण होता! एक शब्द जनी बोलली असती तर सगळा गैरसमज वितळून गेला असता. तो शब्द तिच्या छातीत होताही. पण छातीत आधीच इतकी गर्दी होती, की त्याला बाहेर यायला वाट मिळेना. तिनं डोळे मिटले, विडा गालात धरला आणि म्हणाली,

"आसंल. तसाच समज."

आणि आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून ती मागच्या दारानं बाहेर गेली.

ही खुर्ची साऱ्या गावाला ठाऊक होती. घराच्या उगवतीला, जिथं पूर्वी जनीचं आगर होतं, खाडीचं पाणी कोंडून मीठ पिकवायचं, तिथं आता भराव टाकून तिच्या मुलानं, नामानं, ट्रेलरचं यार्ड केलं होतं. आणि यार्ड झाल्यापासून जनी त्याच्याकडे पाठ करून बसत होती. सकाळी घराच्या मागच्या भिंतीला, दुपारी शेवग्याखाली, सांजेला खाडीच्या बाजूच्या अंगणात, पण पाठ कायम यार्डाकडे! नामा समोरून "आये, चा घेतलास काय?" म्हणत आला की ती खुर्चीसकट उठून दुसरीकडे जायची. गावानं अर्थ लावला होता: डोकरी रुसली. आगर बुजवलं म्हणून लेकाचं तोंड बघत नाही.

नामाही तेच समजला होता. म्हणून त्यानं कंपनीला आईचं नाव दिलं, 'जनीमाता लॉजिस्टिक्स'. न्हावा शेव्याच्या बंदरातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या प्रत्येक ट्रेलरच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' असं रंगवलं होतं, आणि त्या अक्षरांच्या बरोब्बर खालून काळा भपकारा निघून थेट आईच्या अंगावर जायचा. यार्डाच्या उद्‌घाटनाला आलेले पुढारी म्हणाले होते, "आज आपल्या तालुक्याच्या श्वासाश्वासांत विकास भरला आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढाऱ्यांना एकदम ठसका लागला तेव्हा लोकांना वाटलं, गहिवरले.

विकास खोटा नव्हता, हे मात्र जनीला मान्य होतं. ज्या गावात पोरं खाडीत निवट्या धरायची तिथं आता घरोघर फ्रिज होते, एसी होते, दारात गाड्या होत्या. फक्त खिडक्या कुणी उघडत नव्हतं. देवघराच्या शेजारी वाफारा देणारं ते घुर्र करणारं नेब्युलायझर घरटी एक होतंच असं नाही, म्हणून बाया वाटीभर साखर मागावी तशा पदराखालून ते मागायला यायच्या. "धाकल्याला लावते नि लगेच आणून देते." सुकत घातलेले बोंबील संध्याकाळपर्यंत काळे व्हायचे. मग ते धुवायचे, परत सुकवायचे, परत धुवायचे... शेवटी बायांनी बोंबील घरात फॅनखाली वाळवायला घेतले, आणि गावाची प्रगती घराच्या आतून दरवळू लागली.

आणि जनीचा दम... आधी ओळीच्या शेवटी कमी पडू लागला. मग ओळीच्या मध्ये. ज्या गळ्यानं एका दमात नवरीच्या पायापासून कपाळापर्यंत हळद चढवली होती, तो गळा पाण्याची कळशी उचलताना शिट्टी वाजवू लागला! सासूनं तिला धवले देताना एकच गोष्ट बजावली होती: हळद पायाला लागल्यावर कपाळाला पोचेपर्यंत गाणं तुटू द्यायचं नाही. मध्ये तुटलं तर नवरीचं सुख तुटतं. जनीनं ते उभं आयुष्य पाळलं होतं. आणि आता तिला ठाऊक होतं... ते तुटणार. आपल्याच नातीच्या अंगावर तुटणार!

ठमीला घेऊन ती चोरून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी एका नळीत फुंकायला लावलं. फुंकून झाल्यावर त्या बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिल्या.

"आजी, किती वर्षं विडी ओढता?"

"मी? मी मशेरीपन सोडली, बाय."

"घरात चूल आहे?"

"गॅस हाय. सुनेनं चूल कवाची फोडली."

"मग घराच्या शेजारी काय आहे?"

जनीनं क्षणभर विचार केला. "माजा पोरगा हाय," ती म्हणाली.

बाईंनी ओढायचा पंप दिला, आणि धूळधुरापासून लांब राहायला जा, असं सांगितलं. लांब! जिथं धूर नाही तिथं तिचं कोण होतं? आणि जिथं तिचं सगळं होतं तिथं...

तो पंप तिनं पानाच्या चंचीत चुन्याच्या डबीखाली लपवला आणि ठमीला खाडीकडे तोंड करून शपथ घातली. कारण नामाला ती ओळखत होती. लहानपणी त्यानं आईचे पाय पाहिले होते. मिठाच्या पाण्यात उभं राहून टाचा अशा फुटायच्या की तिनं ओसरीवर पाऊल टाकलं की मागं लाल ठसा उमटायचा. त्या ठशांकडे बघत पोर एकदा म्हणाला होता, "आये, यो आगर मी एक दिस बुजवून टाकीन!" तिनं तेव्हा त्याला धपाटा घातला होता. पण त्यानं शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर राहिला, चाकाखाली झोपला, आणि पोटाला चिमटे घेत घेत शेवटी खरोखर बुजवलं! आईच्या पायांसाठी! आता ज्यानं आईचे पाय वाचवले त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की बाबा रे, त्यात माझी छाती गेली? तो त्याच दिवशी गेटला कुलूप ठोकेल. अर्ध्या गावाच्या चुली त्या गेटातून पेटत होत्या. आणि शिवाय लग्नाच्या तोंडावर नवरीच्या घरात खोकला म्हटल्यावर लोकांची तोंडं कुणी धरायची?

नाही! त्यापेक्षा रुसलेली म्हातारी बरी. रुसव्याला औषध लागत नाही.

दुपारी जागृती शेवग्याखाली आली. बंदरातल्या एका कचेरीत ती नोकरीला होती. लग्नासाठी रजा घेतली होती, तरी फोन कानापासून सुटत नव्हता. तो तिनं आज पहिल्यांदा बंद केला आणि आजीच्या पायाशी मातीत बसली.

"आजी, डॅडींचा राग माझ्यावर का काढतेस गं?"

"राग नाय गो."

"मग? मी लहान होते तेव्हा तू दुसऱ्यांच्या हळदीला मला कडेवर घेऊन गायचीस. तेव्हा मी तुला विचारलं होतं, माझ्या वेळी कोण गाणार? काय म्हणालीस, आठवतंय?"

आठवत होतं. 'मी मेले तरी गाईन' असं ती म्हणाली होती. तेव्हा ते वाक्य किती सोपं वाटलं होतं!

"तू नाही ना गाणार? ठीक आहे. मग मी हळदच नाही लावून घेत. निकेतला सांगते, रजिस्टर करू. मम्मी रडेल, रडू दे." आणि एवढं ठणकावून बोलल्यावर ती स्वतःच आजीच्या मांडीत डोकं घालून हमसाहमशी रडू लागली.

त्या केसांवरून हात फिरवताना जनीच्या अंतःकरणात काहीतरी निखळलं. तुटेल तर तुटेल! श्वास तुटेल, गाणं तुटेल, आपण तुटू... पण या लेकराला कोरडं कसं पाठवायचं?

"गाईन," ती म्हणाली. "उठ. नाक पूस. नवरी हायस ना तू?"

मग ती रणांगणाची पाहणी करणाऱ्या सेनापतीसारखी अंगणात फिरली. जन्म आगरात गेलेला. वाऱ्याची जात तिला अंगाच्या कातडीनं कळायची. मांडव मावळतीला, खाडीच्या बाजूला होता. सांजेला दर्याचा वारा तिकडून येतो, यार्डाचा धूर उलट्या दिशेला, उगवतीला ढकलतो. पंगती बसायच्या सुमारास तो पडतो आणि जमिनीकडून मतलई सुटतो. तो यार्डावरून येतो, त्यात गाणं शक्य नाही. म्हणजे दिवेलागणीला हळद, वारा फिरायच्या आत संपवायची. आधी पंप ओढायचा. तोंड खाडीकडे. जमेल. जमलंच पाहिजे!

सगळं तिनं नीट योजलं होतं. एकच गोष्ट योजनेत धरायची राहिली, ती म्हणजे मुलाची माया.

आई गाणार, हे कळल्यावर नामा यार्डातच मटकन बसला. डोळे पुसत उठला आणि म्हणाला, "आयेनं माफ केलान!" आता आईसाठी काय करावं? साडी झाली होती, बांगड्या झाल्या होत्या. मनात आलं, जिच्या नावावर हा सगळा पसारा उभा राहिला तिला या पसाऱ्यानं एकदा मुजरा केला पाहिजे! त्यानं ड्रायव्हरांना बोलावलं. साऱ्या ट्रेलरांना आंघोळी घातल्या. झेंडूच्या माळा घातल्या. आणि दुसऱ्या दिवशी सांजेला यार्ड झाडून रिकामं करून सगळेच्या सगळे ट्रेलर मांडवासमोर, आईला दिसतील असे, खाडीच्या बाजूला ओळीनं लावले. कुणीतरी म्हणालं, "इंजिनं बंद करायची?" नामा म्हणाला, "बंद गारी काय मुजरा करनार?"

दिवे लागले. जागृती पाटावर बसली, पिवळ्या साडीत, जणू सकाळच्या उन्हाचा कवडसाच. डीजेवाल्यानं नवरीच्या आगमनासाठी धुराचं यंत्र आणलं होतं. बेलआगरमध्ये धूर भाड्यानं आणणारा तो इतिहासातला पहिला माणूस असावा. जनीनं त्याला हातानंच गप्प केलं. ती खुर्चीत बसली. खाडीच्या बाजूला उभी ट्रेलरांची रांग तिला दिसली, पण वारा फिरायच्या आत हळद संपवायची होती; तिनं तिकडेच तोंड केलं, डोळे मिटले. रंगूनं नजर वर न उचलता हळदीची वाटी पुढं केली. आणि तो जुना, रुंद, खारा गळा मांडवभर पसरला...

*हलद लागं गो पोरीचे पायां,*
*खारे पान्याची बाय तुला माया...*

हळद पायांना लागली, गुडघ्यांना लागली. ठमी ओळ उचलत होती आणि चोरून जनीच्या छातीकडे बघत होती. जनीला वाटलं, जमतंय! दर्या मदतीला आलाय!

तेवढ्यात नामानं हात वर केला.

ओळीनं उभे असलेले सगळे ट्रेलर एकदम गुरगुरले. भोंगे वाजले! ड्रायव्हरांनी आदरानं पाय दाबले, आणि ज्याच्या भरवशावर ती म्हातारी बसली होती त्या दर्याच्या वाऱ्यानं, काहीही भेदभाव न करता, तो सगळा काळा मुजरा उचलून तिच्या तोंडावर आणून टाकला.

*हलद लागं गो पोरीचे हातां...*

पुढची ओळ आलीच नाही. गळ्यातून एक बारीक शिट्टी आली. हात हवेत काहीतरी शोधू लागला, ओठ निळे पडले, चंची मांडीवरून घसरून खाली पडली आणि चुन्याच्या डबीबरोबर तो निळा पंप घरंगळत रंगूच्या पायाशी आला.

"बंद करा त्या गाऱ्या!" ठमीनं आयुष्यात पहिल्यांदा पुढची ओळ घेतली. "बंद करा रे, मुडद्यांनो! डोकरीला दमा हाय! वरीस झाला लपवते ती!"

तिची शपथ खाडीत गेली. रंगूनं पंप उचलला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि धावली. शेजारणींच्या लेकरांना कितीदा तरी धरला होता तिनं तसला पंप! सासूचं डोकं तिनं आपल्या छातीशी घेतलं. "ओढ, आये, ओढ... अजून एकदा... आये गो!"

इंजिनं एकामागून एक बंद झाली. अखेरचं बंद झालं तेव्हा मांडवात अशी शांतता पडली, की यार्ड झाल्यापासून तशी कुणी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत एक आवाज ऐकू येऊ लागला. पहिल्या रांगेत एक म्हातारा खोकला. मागं एक पोर खोकलं. मग मांडवाच्या टोकाला, मग पलीकडच्या घरातून, मग गल्लीतून, बेंजोवाल्यांतून, ड्रायव्हरांतून... इंजिनांच्या घरघरीखाली इतके दिवस दबलेलं गाव आता स्वच्छ ऐकू येत होतं. गाव खोकत होतं!

नामा आईच्या पायांवर कोसळला. "आये! तू रुसली नव्हतीस?"

"रुसायला... पन... दम लागतो रे."

"मग पाठ करून बसायचीस ती?"

"पाठ कशाला करीन? वाऱ्याकडं तोंड करत व्हते." तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. श्वास अजून फाटकाच येत होता, पण येत होता. "तू माजे पाय राखलेस. मी बोलले, पोराला कशाला सांगू..."

पाटावर जागृती अर्ध्या हळदीनं बसली होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जनीची नजर तिच्याकडे गेली आणि चेहरा करपला. "तुटला गो... माज्या हातून तुटला!"

तेव्हा रंगू उठली. आदल्या सकाळी सूड म्हणालेली ती सून! आयुष्यभर चुलीपाशी बसून तिनं सासूचे धवले ऐकले होते, पण मांडवात कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं हळदीत बोटं बुडवली आणि पुढची ओळ घेतली.

*हलद लागं गो पोरीचे कपाला...*

खरं सांगायचं तर तिचा आवाज मागं येणाऱ्या ट्रेलरसारखा होता. पण सुरात नसला तरी शब्दात चूक नव्हती, आणि दम भरपूर होता. ठमीनं ओळ उचलली. मग सगळ्या बाया उठल्या. जिचा दम जिथं सरे तिथून दुसरी घेई. खोकत, रडत, एकमेकींच्या श्वासावर ती हळद कपाळाला पोचली. जनी ऐकत होती. तिच्या गालांवरून आसवं वाहत होती, आणि मध्येच ती पुटपुटत होती, "वर घे, रंगू... अजून वर..."

आणि मग त्यागाची जी बोली लागली ती विचारता सोय नाही! नामा उभा राहून म्हणाला, "उद्यापासून गेट बंद! परत आगर करतंव!" ड्रायव्हरांचे चेहरे पांढरे पडले. रंगू म्हणाली, "माजे दागिने घ्या, आयेला डोंगराकडं घर बांधा, मी हिकडं एकटी ऱ्हाते!" जागृती म्हणाली, "मी लग्नच करत नाही, आजीला सांभाळते!" निकेतची आई एकदम उठून उभी राहिली. ठमीलाही काहीतरी सोडावंसं वाटलं, पण सोडण्यासारखं तंबाखूशिवाय काही सापडेना.

"गप बसा," जनी म्हणाली. "गेट बंद करशील तर यो सगला दुसऱ्याच्या दारात जाऊन धुरल. तिथं बी कुनाची आय असंल. उभ्या गारीचं इंजिन बंद ठेव. रोज पानी मार. पोरांना शिकव. आनि तू पोरी, लगीन कर. ऐकतंस काय?"

"ऐकतंव, आये," नामा हुंदके देत म्हणाला. "सगला करतंव. पन तुझ्यासाठी काय करू? तू कधी काय मागलास नाय. आज माग! माजा जीव माग!"

पंगतींची पानं वाढली होती. एका ट्रेलरच्या आरशावरची झेंडूची माळ हळूच उलट्या दिशेला हलली. जनीनं मान वर करून गालावर काहीतरी पारखलं.

"जीव ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वारा फिरलाय, आनि यार्ड आज रिकामा हाय. खुर्ची जरा यार्डाकडं तोंड करून ठेव."